हमीदभाईंच्या बारा मात्रा

हमीदभाई मुकादम आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बेडरूमचा एसी बघायला. आल्यावर त्यांनी ना पाना काढला, ना पेचकस. एसीखाली उभे राहिले, डोळे मिटले आणि त्याच्या घरघरीबरोबर स्वतःच गुणगुणायला लागले. मे महिना होता. मस्कतच्या अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंतींना हात लावला तर चटका बसत होता, आणि मी आणि माझी बायको सुलभा घामाने निथळत ही समाधी बघत उभे होतो. मिनिटभराने डोळे उघडून त्यांनी निदान केलं, "सुरात हाय. पांढरी पाचच्या जरा वर."

"थंड का होत नाही?" मी विचारलं.

"गॅस गेलाय. ता काय, आता भरतो. सूर गेला असता तर कठीण होता."

गॅस भरून ते गेले आणि सुलभाने दार लावता लावता विचारलं, "अहो, त्या माणसाची नखं बघितलीत? डाव्या हाताची बारीक कापलेली आणि उजव्या हाताची ही एवढी वाढवलेली. वर काहीतरी चिकट फासलेलं. मला नाही बाई ठीक वाटत." मी विज्ञाननिष्ठ माणूस असल्यामुळे तिला अंधश्रद्धेबद्दल चार शब्द ऐकवले आणि मग हळूच देवघरातली चांदी जागेवर आहे का ते बघून आलो.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "साहेब, तुमचा एसी मना आवडला. शुक्रवारी येऊन टेप करू?" माझ्या घरातलं काहीही कुणाला इतकं आवडल्याचं उदाहरण तोवर नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. ते टेपरेकॉर्डर घेऊन आले, अर्धा तास एसीची घरघर कॅसेटवर उतरवून घेतली आणि जाताना सांगितलं, की मी गिटार वाजवतो, फ्लामेंको, ही नखं त्यासाठीच.

फ्लामेंको म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि आमच्या मराठी मंडळात ते ठाऊक असलेला माणूस मला पुढेही भेटला नाही. स्पेनच्या दक्षिणेकडच्या जिप्सींचं गाणं, नाच आणि गिटार, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हमीदभाईंनी मला ते एका वाक्यात सांगितलं, "रडायचा, पण ताठ बसून."

हमीदभाई मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे नाखवा. घरात बायको आणि मुलगी, आणि स्वतः मस्कतात एका कंपनीत एसीचे मेकॅनिक. कंपनीकडे एका मोठ्या हॉटेलचं देखभालीचं काम होतं, आणि त्या हॉटेलच्या रेस्टॉरंटात राफाएल नावाचा एक म्हातारा स्पॅनिश गिटारवाला रोज वाजवायला बसे. आमच्या मंडळात पुण्याच्या थोर गुरूंकडे गंडा बांधून आलेले तिघं होते, आणि ते तसं सांगितल्याशिवाय चहासुद्धा घेत नसत. हमीदभाईंचं गुरुकुल म्हणजे त्या रेस्टॉरंटचं खोटं छत. राफाएलच्या खुर्चीच्या बरोबर वर हवेची जाळी होती. तिथला जो डक्ट एका दिवसात दुरुस्त व्हायचा, त्याला यांनी दोन महिने लावले. कामातल्या बारकाव्याबद्दल हॉटेलने कंपनीला कौतुकाचं पत्र पाठवलं.

"समोर बसून शिकला तर हात उलटे दिसतात," हमीदभाई सांगायचे. "मना वरून सुलटा दिसला. अल्लाची मेहरबानी."

एके दुपारी जाळीतून यांच्या हातातला स्क्रू निसटला तो थेट राफाएलच्या गिटारच्या पोटात. म्हाताऱ्याने वर बघितलं, तर जाळीत दोन डोळे. तो जे बोलला ते स्पॅनिश असल्यामुळे शिवी होती की आशीर्वाद हे कधीच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्याने यांना खाली बोलावून शिकवायला सुरुवात केली. तीन वर्षं शिकवलं. स्वतःची जुनी गिटारही देऊन टाकली.

एवढ्यावर थांबले असते तर ते हमीदभाई कसले. त्यांनी त्या परंपरेत मस्कत मिसळलं. गिटारच्या तारा ते एसीच्या घरघरीला लावून घ्यायचे, आणि मग कॅसेटवरची तीच घरघर मागे तंबोऱ्यासारखी चालू ठेवून वाजवायचे. कॉम्प्रेसर ज्या प्लायवुडच्या खोक्यातून येतो, त्या खोक्यावर बसून टाचेने ठेका धरायचे. शिवाय एक जुना कीबोर्ड होता, त्यातून मधूनच बोटीच्या भोंग्यासारखा खर्ज निघे. राफाएलने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो आठवडाभर यांच्याशी बोलला नाही. मग एक दिवस येऊन त्याने एसीच्या त्या कॅसेटची एक प्रत मागून नेली. "नवीन आणायचा तर आपल्या घरातला आणावा," हमीदभाई म्हणायचे. "दुसऱ्याच्या घरातला आणला तर ती चोरी." त्यांचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, निझवाचे. त्यांनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अभिप्राय दिला, की हा तर आमच्या अरबी वाद्यांतला ऊदच आहे, नुसता घाईत आहे.

मी शुक्रवारी सकाळी बौशरला त्यांच्या खोलीवर जायला लागलो. खरं तर ऐकायला गेलो होतो, पण दुसऱ्याच शुक्रवारी त्यांनी मला कामाला लावलं. या संगीतात गिटारइतकाच मान टाळीला असतो, आणि टाळी धरणारा माणूस शेजारी लागतो. त्यांचा एक तुकडा होता, स्वतः बांधलेला, बारा मात्रांचा. आपल्याकडे एकतालाच्या बारा मात्रा असतात तशा या नव्हेत. यात मोजायला सुरुवातच बारापासून करायची, आणि जोर द्यायचा बारावर, तीनवर, सहावर, आठवर, दहावर. मी बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. विटा, लोखंड, सिमेंट मोजण्यात हयात गेली, पण बारापासून मोजायला सुरुवात केली असती तर मला पहिल्याच महिन्यात विमानात बसवलं असतं.

"यल्ला, सेक्रेटरीसाब, बारा!" मंडळाचा मी सांस्कृतिक सचिव असल्याचं कळल्यापासून ते मला असंच हाक मारायचे. "दोन नि तीनच्या मधी कुठं जाताव तुमी? चाय प्यायला?"

मला ती टाळी जमायला चार महिने लागले. सुलभा घरी माझा सराव ऐकून ऐकून चार दिवसांत शिकली, भाजी चिरता चिरता. हमीदभाई खूश झाले, म्हणाले, वहिनींनाच घेऊ या. पण सुलभाने साफ सांगितलं, "स्टेजवर बसून नुसत्या टाळ्या पिटायला मी नाही येणार. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील याची माझ्या बाबतीत तिला काळजी नव्हती.

मग सत्त्याण्णव साली राफाएल कायमचा स्पेनला परतला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. हॉटेलच्या मॅनेजरने हमीदभाईंना सांगितलं, की माणसांसमोर वाजवताना तुला एकदा बघतो, मग ठरवू. अर्बाबही सोडायला तयार झाले. त्याच सुमाराला आमचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मी मॅनेजरला आमंत्रण दिलं. हमीदभाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, राफाएलची ती खुर्ची, म्हणजे जन्मभर पान्यावर झिजवलेले हात उरलेली वर्षं तारांवर ठेवता आले असते. आणि दुसरी, भरलेल्या हॉलपुढे आपला बारा मात्रांचा तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा तरी, जसाच्या तसा वाजवायचा. दोन्ही एकाच संध्याकाळी मिळणार होतं.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. लहान मुलींचा नाच झाला, चकलीच्या स्पर्धेचं बक्षीस झालं, अध्यक्षांचं भाषण झालं आणि ते झाल्यावर अध्यक्षांचे दोन शब्दही झाले. मग अध्यक्ष देवधरांनीच घोषणा केली, "आता आपले एसीवाले हमीदभाई पाश्चात्त्य वाद्यवादन सादर करतील." कौतुकाची कुजबुज झाली. हॉलमधल्या निम्म्या घरांत हमीदभाईंनी गॅस भरलेला होता.

त्यांनी कॅसेट चालू केली. घरघर सुरू झाली. आणि हॉलमधले सहा इंजिनिअर एकदम उठले. मराठी माणसाला संगीतातलं कळो न कळो, स्पीकरमधून घरघर आली म्हणजे अर्थिंग गेलं हे त्याला आईच्या पोटातूनच कळतं. दोघं स्टेजच्या मागे धावले, एकाने वायर ओढलीसुद्धा. मी हातवारे करून सगळ्यांना खाली बसवलं. "तो प्रोग्रामचाच भाग आहे," असं मी माइकवरून सांगितल्यावर पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज आला, "असं कसं?"

पण एकदा गिटार सुरू झाली आणि हॉल हळूहळू गप्प झाला. खरंच गप्प झाला. मी शेजारी बसून टाळी धरली होती, आणि पहिली चार-पाच मिनिटं असं वाजलं की आजही ते आठवलं तर माझ्या अंगावर काटा येतो. त्या एवढ्याशा मेकॅनिकच्या हातातून काहीतरी फार जुनं आणि फार एकटं बाहेर येत होतं, आणि त्याखाली आमच्या बेडरूमचा एसी चालला होता. पुढच्या रांगेत मॅनेजर हनुवटीला हात लावून ऐकत होता.

मग लय वाढली, आणि आमच्या लोकांना ती आवडली. तेच नडलं. आवडलेल्या गोष्टीचं काय करायचं, हे आम्हाला दरवर्षी दहा दिवस आरतीत शिकवलेलं असतं. तिसऱ्या रांगेतून एक टाळी सुरू झाली, सरळ, एकसारखी, थांबण्याचं नाव न घेणारी. मग दहा, मग पन्नास, मग सगळा हॉल. तीनशे माणसं प्रेमाने आरतीची टाळी वाजवत होती आणि मी एकटा बारा, तीन, सहा, आठ, दहा धरून बसलो होतो. दोन आवर्तनं धरली. तिसऱ्याला माझे हात हॉलबरोबर गेले.

हे मी पुढे कुणालाच सांगितलं नाही. लोकांनी रंगाचा बेरंग केला, असंच सांगत आलो, आणि माझ्या तोंडाळपणामुळे ते सगळ्यांना पटतही असे. पण ती टाळी सांभाळण्यासाठीच मला तिथे बसवलं होतं, आणि मी ती सोडली. हमीदभाईंनी मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं. मग गिटारही सरळ झाली, बाराची आठ झाली, आणि हॉल नुसता वेडा झाला. गाव करी ते राव न करी म्हणतात ते खोटं नाही. मॅनेजर उभा राहून टाळ्या वाजवत होता. बाहेर पडताना दोघांनी हमीदभाईंना गाठून फार सुंदर झालं म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, की आमच्या एसीतून पाणी गळतंय, कधी येताय?

घरी येताना गाडीत सुलभा म्हणाली, "त्यांच्या आधी तुम्ही सोडलीत." मी सिग्नलकडे बघत राहिलो.

नोकरी मिळाली. अर्बाबनी 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' करत कागदावर सही केली. हॉटेलने त्यांना लाल शर्ट दिला, कमरेला काळा पट्टा दिला आणि दारात बोर्ड लावला, 'डॉन हमीदो'. दाभोळच्या तांडेलाच्या मुलाला एवढी बढती दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळाली असती असं मला वाटत नाही. मॅनेजरला हवी होती ती त्या रात्रीची टाळी. म्हणून डॉन हमीदो टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना टाळ्या वाजवायला लावायचे. कुणाचा वाढदिवस असला तर केकपाशीही उभे राहायचे. मी एकदा पाहुण्यांना घेऊन गेलो आणि म्हटलं, हमीदभाई, तुमचा तो तुकडा वाजवा की. त्यांनी हसून मान हलवली. "हितं नाय. हितं समदी वाजवतात."

सहा महिन्यांनी लाल शर्ट परत करून ते जुन्या अर्बाबकडे गेले. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "थितला एसी चांगला चालतो. मना काय कामच नव्हता." मी मोठ्याने हसलो. त्यानंतर मात्र माझं शुक्रवारचं जाणं कमी कमी होत गेलं. बढती झाली, साइट वाढल्या, मुलीची शाळा होती, अशी सांगायला कारणं पुष्कळ होती. खरं कारण एकच होतं. त्यांच्यासमोर बसून टाळीसाठी हात उचलायची मला लाज वाटायची.

दोन हजार पाचमध्ये कळलं, की हमीदभाई मस्कत सोडून कायमचे घरी चालले आहेत. शेवटच्या शुक्रवारी मी गेलो. खोलीत दोऱ्यांनी बांधलेले खोके, एका कोपऱ्यात आवाज बंद करून क्रिकेट बघणारा सोबती, आणि हमीदभाई. आठ वर्षं गिळून ठेवलेलं मी एकदाचं बोललो. "हमीदभाई, त्या दिवशी मी टाळी सोडली. लोकांच्या नावावर मी आजवर माझं खपवलं. माझ्यामुळे तुमचा तुकडा गेला."

ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुमी सोडलीत ता मना कळला. पण गिटार माझ्या हातात होती, सेक्रेटरीसाब. मी धरून बसलो असतो तर तुमी एका फेऱ्यात परत आला असता. मी समोर बघितला. मॅनेजर हसत होता. मना ती खुर्ची दिसली, नि मी पण सोडली." वर ते म्हणाले, "आठ वर्सा मना वाटला, तुमी माझ्यावर रागावून येत नाय."

इतकी वर्षं मी ज्या अपराधाचं ओझं मिरवत होतो, त्यात निम्मा वाटा दुसऱ्याचा निघाला. मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू आलं, आणि ताठ बसणं काही जमलं नाही. हमीदभाईंनी गिटार काढली. आम्ही तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. मी एकदाही चुकलो नाही. ऐकायला एकच माणूस होता आणि तोही भारताच्या विकेटी मोजत होता. झाल्यावर हमीदभाई "खलास" म्हणाले आणि गिटार पेटीत ठेवली. ती त्यांनी हॉटेलातल्या नव्या फिलिपिनो गिटारवाल्याला देऊन टाकली. गावात टाळी कोण धरणार, असं त्यांचं म्हणणं.

दीड वर्षाने आम्ही रजेवर पुण्यात असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. छातीत कळ आली आणि तासाभरात गेले. दहा-बारा दिवसांनी मी आणि सुलभा त्यांच्या गावी गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ, शेजारपाजारचे चारजण. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं, की हमीद मस्कतात एसीची कामं करायचा एवढंच गावाला माहीत होतं. मी गिटारबद्दल सांगितलं तर भाऊ अदबीने म्हणाले, "हां, फावल्या वेळात काय तरी करायचा, तो बोलला होता एकदा."

भाभी नवरा गेल्यावर पाळतात त्या इद्दतीत होत्या, म्हणून आतल्या खोलीत. सुलभा आत जाऊन बसली. मध्ये नुसता पडदा होता. थोड्या वेळाने भाभींचा आवाज आला, "वहिनी, ते थितं काय वाजवायचे वो? रजेवर यायचे, पन गिटार कधी आनली नाय. इथली हवा तिला सोसत नाय बोलायचे. मना कधी ऐकवला नाय."

त्यांचं वाजवणं पुरं ऐकलेला या घरात मी एकटा होतो, आणि मला त्यातली फक्त टाळी येत होती. मयताच्या घरात टाळी कशी वाजवणार? मी मांडीवरचे हात घट्ट धरून बसलो.

आणि मग आतून आवाज यायला लागला. अगदी हळू, तळवा पोकळ करून मांडीवर मारल्यासारखा. सुलभा कुजबुजत मोजत होती. बारा, एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. एकाही ठिकाणी न अडखळता तिने चार आवर्तनं पुरी केली आणि थांबली.

मग भाभींनी विचारलं, "एवढाच?"

मी पडद्याजवळ सरकलो.

"नाही भाभी," मी पडद्याच्या बाहेरून म्हणालो, "याच्यावर गिटार होती."